ग्वाल्हेरात बसून जगभरचं गाणं कसं शोधायचं: अगदी नवख्यांसाठी

मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका पोरानं विचारलं, दादा तुम्ही जेवणाच्या सुट्टीत कानात घालून ते कुठकुठलं आफ्रिकेचं बिफ्रिकेचं ऐकत असता ते सापडतं कुठे, एक लिंक टाका ना. टाकली. दोन दिवसांनी म्हणाला भारी होतं, आता पुढची टाका. पुढची टाकली. मग आणखी एक. तिसऱ्या लिंकेनंतर माझी ट्यूब पेटली की हा आयुष्यभर माझ्याकडेच लिंका मागत राहणार, त्यापेक्षा याला शोधायचं कसं ते एकदाच लिहून द्यावं. म्हणून हे. लांबलंय जरा, चहा घेऊन बसा.

आधीच सांगतो, मी जाणकार वगैरे नाही. राहतो ग्वाल्हेरच्या जीवाजीगंजात, लहानपणी दोन वर्षं तबल्याला गेलो मग क्रिकेटनं तबला खाल्ला. घरात गाणं आहे ते आत्याचं, ती पस्तीस वर्षं मुलांना शिकवतेय, ती यात अधूनमधून येईल. मला जमलंय ते एवढंच की गेली सहा-सात वर्षं दर आठवड्याला एक तरी असं काही ऐकतो जे आधी कधी कानावर पडलेलं नव्हतं. त्यातलं अर्धं आवडत नाही. ते चालतंच.

सगळ्यात आधी: 'वर्ल्ड म्युझिक' असं टाइप करून शोधू नका

हा शब्द म्हणजे दुकानातल्या खणाला लावलेली पाटी आहे, गाण्याचा प्रकार नाही. १९८७ च्या जूनमध्ये लंडनच्या 'एम्प्रेस ऑफ रशिया' नावाच्या पबमध्ये छोट्या छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं जमली. अडचण साधी होती, माली नाहीतर बल्गेरियाची रेकॉर्ड आली की दुकानदाराला कळायचं नाही ठेवायची कुठे, रॉकमध्ये बसत नाही जॅझमध्ये बसत नाही, मग त्यांनी ठरवलं की सगळ्यांनी मिळून एकच पाटी लावू. तिथून हा शब्द सगळीकडे पसरला. ग्रॅमीवाल्यांनी २०२० मध्ये आपल्या बक्षिसाच्या नावातून 'वर्ल्ड' काढून 'ग्लोबल' केलं, म्हणजे पाटी रंगवली, खण तोच. त्या खणात आपला ख्याल पण असतो आणि मंगोलियाचा घशातून गाणारा माणूस पण असतो आणि त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. त्यामुळे नुसता हा शब्द टाकलात तर योगासनांच्या बासऱ्या आणि पाण्याचा खळखळाट याशिवाय फार काही हाती लागत नाही.

मग काय टाकायचं? देश पण नको. वाद्य, शहर, सूर नाहीतर माणसाचं नाव. पुढचं सगळं याच चार गोष्टींवर आहे.

पायरी १: वार आणि वेळ

कंटाळवाणं आहे पण याच्याशिवाय बाकी सगळं फुकट. माझा वार शनिवार, रात्री नऊ ते पावणेदहा. सुरुवातीला मी काय करायचो, जिथे काही चांगलं दिसलं की प्लेलिस्टमध्ये टाकून द्यायचो, 'नंतर ऐकू'. एक दिवस बघितलं तर चारशेच्या वर गाणी झाली होती आणि त्यातली वीसेक ऐकलेली. लोणच्याची बरणी भरून माळ्यावर टाकावी तसं. सगळी प्लेलिस्ट उडवली. आता नियम असा की 'नंतर ऐकू'मध्ये पाचच गोष्टी, सहावी टाकायची तर एक काढायची.

आणि पंचेचाळीस मिनिटं म्हणजे बसून. गाडी चालवताना, जिममध्ये, भांडी घासताना ओळखीचं ऐकावं, अनोळखी गाणं तिथे नुसतं कानावरून जातं.

पायरी २: आपल्या कानाला जे येतंय तिथून निघा

ही आत्याची देन आहे आणि माझ्या मते अख्ख्या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट.

झालं असं की एका रविवारी मी स्वयंपाकघरात एका इथिओपियन गायकाचं काहीतरी लावलं होतं आणि आत्या मेथी निवडत बसली होती. म्हणाली, भूप लावलायस होय रे? मी म्हटलं आत्या हा आदिस अबाबाचा माणूस आहे. ती म्हणे असेल, पण सा रे ग प धच गातोय, फक्त हा गंधारावर असा लोळतोय का? मग मी वाचायला घेतलं तर खरंच, इथिओपियात स्वरांच्या चार मुख्य चौकटी सांगतात, तिझिता, बाती, अंबासेल आणि आंचिहोये, आणि तिझिताचं एक रूप म्हणजे बरोबर आपल्या भूप रागाचे पाच स्वर. तिझिता म्हणजे त्यांच्याकडे आठवण, जुन्या कशाची तरी हुरहुर, आणि त्याच नावाचं गाणं पण असतं, तेच गाणं प्रत्येक गायक आपापल्या पद्धतीनं गातो. तेव्हापासून मला इथिओपिया परका वाटेनासा झाला. कुणाला तिकडे जायचं असेल तर फ्रान्सहून 'एथिओपिक' नावाची सीडींची लांबलचक मालिका निघालेली आहे, जास्त करून साठ-सत्तरच्या दशकातली आदिस अबाबाची गाणी, महमूद अहमद आणि मुलातू अस्तात्के या दोन नावांपासून धरा.

असं आणखी बरंच आहे, मी आत्याकडून वहीत उतरवून घेतलंय. भैरव येतो ना, रे कोमल ध कोमल बाकी शुद्ध? तेच सात स्वर अरबी संगीतात 'हिजाझकार' नावाच्या मकामात आहेत, मकाम म्हणजे त्यांच्याकडचा राग म्हणा, ऊद या त्यांच्या तंतुवाद्यावर वाजवणाऱ्यांचं ऐका. गुणक्री म्हणजे सा रे म प ध, रे-ध कोमल, ही जपानच्या कोतो आणि शामिसेन या तंतुवाद्यांच्या संगीतात सारखी भेटते. धानी घ्या आणि मालीच्या अली फार्का तूरेची गिटार ऐका, बऱ्याचदा तेच पाच स्वर. स्पेनच्या फ्लामेंकोत भैरवीच्या आसपासचं पुष्कळ सापडेल.

आत्यानं लगेच बजावलंय ते पण लिहितो नाहीतर ओरडेल: स्वर सारखे म्हणजे राग सारखा नव्हे. चलन म्हणजे स्वरांची चाल वेगळी, न्यास म्हणजे थांबायच्या जागा वेगळ्या, आणि कितीतरी ठिकाणी स्वरसुद्धा आपल्या पेटीत बसत नाहीत, उदाहरणार्थ अरबी 'रास्त'चा गंधार ना कोमल ना शुद्ध, मधेच कुठेतरी. तर हे सगळं फक्त दारातून आत शिरायला. आत गेल्यावर त्यांच्या घरातल्या रीतीनं बसायचं, मांडी घालायला सांगितली तर मांडी.

स्वरांतून दार सापडलं नाही तर तालातून बघा. गमेलानपाशी मी दोन वर्षं अडकलो होतो. इंडोनेशियाचं ते काशाच्या वाद्यांचं टोळकं, प्रत्येक संचाचं ट्यूनिंग त्याचं त्याचं, बालीत तर वाद्यांची जोडी मुद्दाम एकमेकांपासून किंचित हटवून लावतात म्हणजे दोन्ही एकदम वाजली की आवाज थरथरतो. माझ्या कानाला ते सगळं बेसूर भांड्यांचा ढीग वाटायचं. मग कुठेतरी कळलं की जावाच्या गमेलानमध्ये सगळ्यात मोठी गाँग आवर्तन संपतं तिथे पडते, आणि मी नुसती त्या गाँगची वाट बघत बसायला लागलो, जशी आपण समेची बघतो. तिसऱ्या-चौथ्या वेळेला ती आली तेव्हा मान आपोआप हलली. तबल्याची दोन वर्षं वसूल.

बरं, 'पण सुरुवातीला नक्की काय लावू' असं विचारणाऱ्यांसाठी तयार यादी हवी असेल तर एक आहे, आणि ती अंतराळात आहे. नासानं १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात २७ संगीताचे तुकडे आहेत, जवळपास दीड तासाचे. जावाचं गमेलान, जॉर्जियाचं पुरुषांचं समूहगान, बल्गेरियाची मेंढपाळी आवाजातली बाई, जपानची शाकुहाची बासरी, पेरूचे पावे, सेनेगलचे ढोल, बाख आणि चक बेरी पण. आणि त्यात भारताकडून एकच, केसरबाई केरकरांची भैरवी. आता केसरबाई जयपूर घराण्याच्या, आमच्या ग्वाल्हेरवाल्यांना तेवढं लागतं, पण चालायचंच, त्या आज दोन हजार कोटी किलोमीटरच्याही पलीकडे गाताहेत. सगळी यादी ऑनलाइन फुकट ऐकायला मिळते. रोज एक ऐका, महिन्याभराचं काम झालं, आणि त्यातल्या ज्या तीन-चार गोष्टींपाशी थांबावंसं वाटेल तिथून पुढे जा.

पायरी ३: मागच्या पानावरची नावं वाचा

पूर्वी कॅसेटच्या आतल्या कागदावर बारीक अक्षरात कोण काय वाजवतंय ते असायचं, आठवतंय? आता ॲपमध्ये ते कुणी बघत नाही आणि खरा खजिना तिथेच आहे. एका नावाला धरून दुसऱ्याकडे जायचं. बास.

माझी स्वतःची साखळी सांगतो. विश्वमोहन भट आपल्याला माहितीच आहेत, मोहनवीणेचे. त्यांनी आणि राय कूडर या अमेरिकन गिटारवाल्यानं मिळून १९९३ मध्ये 'अ मीटिंग बाय द रिव्हर' काढला, त्याला ग्रॅमी मिळालं. ठीक, मग हा कूडर कोण? त्यानं पुढच्याच वर्षी मालीच्या अली फार्का तूरेबरोबर अल्बम केला. अली फार्का कुणाबरोबर वाजवायचा? तुमानी दियाबातेबरोबर, जो कोरा वाजवायचा. कोरा म्हणजे अर्ध्या भोपळ्यावर गाईचं कातडं ताणलेलं एकवीस तारांचं वाद्य, आणि ते वाजवणारी घराणी असतात, बापाकडून मुलाकडे, तुमानीचे वडील सिदिकी पण कोराचे मोठे उस्ताद. तुमानी २०२४ च्या जुलैमध्ये गेले. त्यांचा १९८८ चा एकट्यानं वाजवलेला 'कायरा' मी पहिल्यांदा ऐकला त्या रात्री लाइट गेलेली, मोबाइलची बॅटरी अकरा टक्के, आणि मी बॅटरी वाचवायच्या ऐवजी तो पूर्ण ऐकला, एवढंच सांगतो.

परत कूडरकडे. १९९६ मध्ये तो हवानाला गेला, ठरलं होतं की मालीचे वादक आणि क्यूबाचे वादक एकत्र रेकॉर्डिंग करणार, पण मालीवाले हवानाला पोचलेच नाहीत. आता स्टुडिओ घेतलेला, मग तिथल्याच म्हाताऱ्या गवयांना गोळा करून जे रेकॉर्ड केलं तो 'बुएना व्हिस्ता सोशल क्लब', १९९७, जगभर गाजला. आणि जो मूळ बेत होता, माली आणि क्यूबाचा, तो शेवटी 'ॲफ्रोक्युबिझम' नावानं २०१० ला आला. म्हणजे बघा, जयपूरच्या मोहनवीणेवरून निघालो आणि मालीचं बामाको करून हवानाला पोचलो, एकही ॲप मला हे सुचवणार नव्हतं.

दुसरी साखळी तर घरीच परत येते. आशाताईंनी २००५ मध्ये 'क्रोनोस क्वार्टेट' या अमेरिकन चौकडीबरोबर आर. डी. बर्मनच्या गाण्यांचा अल्बम केला, दोन व्हायोलिन एक व्हिओला एक चेलो. त्या क्रोनोसनं १९९२ ला आफ्रिकन संगीतकारांचा एक केला होता, तो एक फाटा. आणि २०१० ला अझरबैजानचे अलीम कासिमोव्ह आणि अफगाणी रबाबवाले होमायून सखी यांच्याबरोबर एक, तो दुसरा फाटा. मी या दुसऱ्या फाट्यानं गेलो, रबाब ऐकला आणि आवाज ओळखीचा वाटला. वाटणारच. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर सरोद घर आहे, उस्ताद हाफिज अली खाँचं वडिलोपार्जित घर, आता म्युझियम, आणि तिथे गेलात की कळतं की या घराण्याचे पूर्वज अफगाणिस्तानातून रबाब घेऊन आले होते आणि सरोद त्यातून घडला. शाळेच्या सहलीत दोनदा गेलो होतो, तेव्हा सगळं लक्ष बाहेरच्या कुल्फीवर.

तर घरचा अभ्यास: तुमच्या आवडीचा एक भारतीय कलाकार घ्या ज्यानं बाहेरच्या कुणाबरोबर वाजवलंय. तिथून चार नावं पुढे जा. अल्बममधले वादक, प्रोड्यूसर, रेकॉर्ड कंपनी, काहीही धरून. एक जुनी संस्था लक्षात ठेवा, स्मिथसोनियन फोकवेज. मोझेस ॲश नावाच्या माणसानं १९४८ मध्ये 'फोकवेज' ही रेकॉर्ड कंपनी सुरू केली, १९८७ मध्ये ती अमेरिकेच्या स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या संस्थेकडे आली, आणि त्यांच्या वेबसाइटवर अल्बमांच्या माहितीपुस्तिका पीडीएफमध्ये फुकट मिळतात, गाणं विकत घ्या नका घेऊ. कोण गातंय, कशाबद्दल, वाद्य कसं धरतात, सगळं. त्या पुस्तिका वाचणं हा माझा झोपायच्या आधीचा टाइमपास.

पायरी ४: आपल्या शहराची भावंडं

२०२३ मध्ये युनेस्कोनं ग्वाल्हेरला 'संगीताचं शहर' म्हणून यादीत घेतलं, बाड्याच्या चौकात फलक लागले, भाषणं झाली, आपण खूश झालो आणि विसरलो. पण त्या यादीत आणखी कोण आहे ते कुणी बघितलं? मी बघितलं, आणि वर्षभराचा खुराक मिळाला. भारतातून आपल्या आधी वाराणसी आणि चेन्नई. बाहेरची नावं बघा:

मोरोक्कोचं एस्सावीरा, तिथे ग्नावा ऐका, गेंब्री नावाचं जाड तारांचं वाद्य आणि लोखंडी चिपळ्या, रात्रभर चालतं. इराणचं सनंदज, कुर्दी लोकांचं, डफवाल्यांचं शहर. कझाकस्तानचं अल्माटी, तिथे दोनच तारांचा दोम्ब्रा. कोलंबियाचं व्हायेदुपार, तिथला वायेनातो, पेटीच्या चुलतभावावर म्हणजे ॲकॉर्डियनवर. कांगोचं ब्राझाव्हिल, तिथला रुम्बा, ज्यात गिटार शेवटाकडे असं धावायला लागते की बसवत नाही. किंग्स्टन म्हणजे रेगे, ते माहितीच असेल. केप व्हर्देचं प्राइया, तिथे गेलात की सेझारिया एव्होराला भेटाच, ती दुसऱ्या बेटाची, मिंडेलोची, पण या देशाचं दार तीच.

एका आठवड्याला एक शहर. शहराचं नाव आणि वाद्याचं नाव मिळून शोधा, नुसतं देशाचं नाव टाकलं की पर्यटनाच्या जाहिराती येतात. युनेस्कोची दुसरी एक यादी आहे, अमूर्त वारशाची, तिथे प्रत्येक नोंदीबरोबर एक छोटा व्हिडिओ असतो, ती पण चाळा, मला आर्मेनियाचा दुदुक तिथेच सापडला, जर्दाळूच्या लाकडाचा, सनईच्या खानदानातला पण रडवेला.

पायरी ५: रेडिओ, आणि घड्याळ

'रेडिओ गार्डन' २०१६ पासून आहे, पृथ्वीचा गोळा दिसतो, हिरवे ठिपके, ठिपक्यावर गेलं की त्या गावचं स्टेशन लागतं. सगळे दोन दिवस खेळतात आणि सोडून देतात. सोडतात कारण घड्याळ बघत नाहीत. आपल्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे मालीत दुपारचे साडेतीन, कोलंबियात सकाळचे साडेदहा, इथिओपियात संध्याकाळचे साडेसहा. तिथे पहाटेचे तीन असताना लावलंत तर रेकॉर्डेड बडबड नाहीतर शांतता. आणि मोठ्या राजधानीच्या शहरात जगभर तेच इंग्रजी पॉप लागलेलं असतं, त्यापेक्षा छोट्या गावाचा ठिपका दाबा. गाणं आवडलं तर दुसऱ्या फोनवरच्या शझाम या गाणं ओळखणाऱ्या ॲपला ऐकवा, पकडलं तर पकडलं.

'रेडिओऊऊऊ' म्हणून एक आहे, ओ ची लांबण मोजायच्या भानगडीत पडू नका, सर्चमध्ये येतं. तिथे नकाशावर देश निवडायचा आणि मग दशक. इराण, सत्तरचं दशक. ब्राझील, चाळीसचं. याचं व्यसन लागतं, आधीच सांगतोय. लंडनचं एनटीएस रेडिओ आहे, जुने कार्यक्रम गाण्यांच्या यादीसकट ठेवलेले असतात. आफ्रिकेसाठी 'ॲफ्रोपॉप वर्ल्डवाइड', १९८८ पासून चालू, हे लोक गाण्यामागची गोष्ट नीट समजावून सांगतात.

पायरी ६: नवं काय आलंय

वरचं बरंचसं जुनं आहे. चालू महिन्यात काय निघालं ते बघायला 'ट्रान्सग्लोबल वर्ल्ड म्युझिक चार्ट', दर महिन्याला चाळीस अल्बम, ठिकठिकाणचे रेडिओवाले आणि समीक्षक मतं देतात. मी चाळीसच्या चाळीस ऐकत नाही, पहिल्या दहाकडे तर बघत पण नाही, पंधरा ते तीसमधले दोन उचलतो. का ते विचारू नका, तिथे गंमत असते. ब्रिटनचं 'साँगलाइन्स' मासिक १९९९ पासून याच विषयावर आहे. व्हिडिओ बघायचे असतील तर एनपीआर या अमेरिकन रेडिओचे 'टायनी डेस्क', २००८ पासून, ऑफिसच्या टेबलामागे उभं राहून गातात, वाद्य जवळून दिसतं, नवख्याला ते फार बरं.

शोधताना अडेल तिथे

लिपी. हे मला फार उशिरा कळलं. जॉर्जियाचं गाणं इंग्रजी अक्षरांत शोधलं तर दहा निकाल, त्यांच्या लिपीत शोधलं तर हजार. येत नाही ना ती लिपी? विकिपीडियावर कलाकाराचं पान उघडा, पहिल्याच ओळीत मूळ लिपीतलं नाव असतं, कॉपी करा, व्हिडिओच्या सर्चमध्ये चिकटवा. अम्हारिक, अरबी, फारसी, सगळीकडे चालतं. लग्नातले, टीव्हीवरचे, तीनशे लोकांनी बघितलेले व्हिडिओ वर येतात आणि खरं गाणं बऱ्याचदा तिथेच असतं.

ॲपची शिफारस. तो बिचारा तुम्हाला तुम्ही काल ऐकलं तेच थोडं वेगळ्या शर्टात दाखवतो. माझ्याकडे भाची एक आठवडा राहून गेली आणि पुढचे दोन महिने मला बालगीतं. स्पॉटिफायवर प्रायव्हेट सेशन असतं, घरच्यांसाठी लावताना ते चालू करा, आणि एखादी प्लेलिस्ट तुमच्या आवडीत धरायची नाही असं पण सांगता येतं. तरीसुद्धा शिफारशीकडून फार अपेक्षा नको.

आणि भेसळ. 'आफ्रिकन सूर्यास्त', 'अरेबियन रिलॅक्स' असल्या प्लेलिस्टमध्ये निनावी माल खूप असतो आता. माझी कसोटी सोपी आहे: गाणाऱ्याचं नाव, गाव, वाद्य आणि साल, यातलं काहीच सापडलं नाही तर बंद करायचं. एकदा मी स्वतः फसलोय, महिनाभर सहारा वाळवंटातल्या एका 'तुआरेग गिटारवाल्या'चं कौतुक मित्रांना सांगत फिरलो आणि असा माणूसच नव्हता. अजून चिडवतात.

वही

हो, कागदाची. तारीख, नाव, गाव, वाद्य, आणि एक ओळ काय वाटलं. 'बोर', 'पावसासारखं', 'आजोबांच्या खोकल्यासारखं पण छान', काहीही. आणि पहिल्यांदा आवडलं नाही तर लगेच काट मारू नका, आठवड्याचं अंतर ठेवून तीनदा ऐका, मग मारा. आपल्याकडे बडा ख्याल पहिल्यांदा ऐकणारा काय म्हणतो माहितीये ना, हे आ आ करून शब्द कधी गाणार? मंगोलियाशेजारच्या तुवाचं घशातलं गाणं ऐकताना आपण तोच माणूस असतो.

माणसं, पैसे, आणि प्रत्यक्ष

एकट्यानं तीन महिन्यांत उत्साह मावळतो, चार-पाच जण हवेत. आमचा ग्रुप पाच जणांचा, त्यात आत्या पण आहे आणि ते ऑफिसातलं पोरगं पण आता घेतलंय. नियम असा की आठवड्याला प्रत्येकी एकच लिंक आणि तिच्याबरोबर आपल्या शब्दात दोन ओळी, नुसती लिंक टाकली तर रविवारच्या नाश्त्याची बेडई-पुरी त्याच्याकडून. दोन ओळींच्या अटीनं अर्ध्या लिंका आपोआप गळतात.

पैसे. एवढं फुकट ऐकतो तर दोन-तीन महिन्यांतून एखादा अल्बम विकत घ्यावा असं मला वाटतं. 'बँडकॅम्प' त्यासाठी बरा, डिजिटल विक्रीतले पंधरा टक्के ते ठेवतात, पैसे द्यायची फी वगळता बाकीचे पुढे जातात, आणि शहराच्या किंवा वाद्याच्या टॅगनं शोधता पण येतं. पेमेंट अडकलं तर घाबरू नका, बहुतेक कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार बंद असतात, बँकेच्या ॲपमधून चालू करायचे, काम झालं की परत बंद.

प्रत्यक्ष ऐकायला आपल्याइतकं नशीब कमी गावांचं. डिसेंबरात हजीऱ्याला तानसेन समारोह, १९२४ पासून चालू, प्रवेश फुकट, आणि गेली काही वर्षं तिथे विश्वसंगीताच्या सभा पण असतात. लोक काय करतात, मोठ्या नावांच्या रात्रीला गर्दी करतात आणि परदेशी वादकांच्या वेळी शेंगदाणे आणायला उठतात. तेव्हाच बसा. पुढे जागा मिळते, वाद्य नीट दिसतं, कार्यक्रम संपल्यावर वादकाशी दोन शब्द बोलता पण येतात, मी एकदा तीन मिनिटं हातवारे करून बोललोय. दिल्ली गाडीनं चार तास, तिथे वेगवेगळ्या देशांची सांस्कृतिक केंद्रं आहेत, त्यांचे बरेच कार्यक्रम फुकट असतात, २१ जूनच्या आसपास फ्रेंचांचा संगीतदिन असतो. आणि खर्चाची तयारी असेल तर जोधपूरचा रिफ हा लोकसंगीताचा महोत्सव, २००७ पासून, मेहरानगडावर, शरद पौर्णिमेच्या सुमाराला, म्हणजे आपली कोजागिरी. घरी दूध आटवायला कुणीतरी लागतं म्हणून मी अजून गेलो नाहीये.

या आठवड्यात पाळी आत्याची आहे. तिनं सनंदज घेतलंय, काल रात्री साडेदहाला मला फोन करून विचारत होती की ते लोक डफ छातीशी धरतात की खांद्याशी, कारण व्हिडिओत माणसाचं डोकं मधे येतंय. मी म्हटलं दुसरा व्हिडिओ बघ. म्हणाली बघितले, अकरा बघितले, सगळ्यात तेच डोकं.